मॅण्डर्लीतली निनावी मालकीण
डॅफ्नी द्यू मोरिए यांची १९३८ सालची ‘रिबेका’ ही कादंबरी परवा पुन्हा वाचली, तेव्हाही माझे मन त्या चिनी मातीच्या मूर्तीपाशीच अडखळले. मॅण्डर्ली या हवेलीची नवी मालकीण, जिचे नावही लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही, हातून फुटलेल्या मूर्तीचे तुकडे एखाद्या मोलकरणीसारखी घाबरून खणात लपवते, आणि त्या घरावर अजूनही नवऱ्याच्या मृत पहिल्या बायकोचे, रिबेकाचेच राज्य असल्याचे आपल्याला कळून चुकते. हिचकॉक यांच्या १९४० च्या चित्रपटात जोन फाँटेनने ही धास्ती आखडलेल्या खांद्यांतून दाखवली आहे. मात्र कादंबरीत नवरा मॅक्सिम रिबेकाला गोळी घालतो, तर पडद्यावर तिचा मृत्यू अपघाताने होतो, कारण हॉलिवूडच्या तत्कालीन नियमांत खुनी नवऱ्याला शिक्षेविना सोडता येत नव्हते. खून ठाऊक होऊनही नवी बायको त्याच्या पाठीशी उभी राहते, हा कादंबरीचा कणाच त्यामुळे निखळला, याची मला फार हळहळ वाटते.