कंबर चौतीसच आहे

आपल्याकडे पगार विचारायचा असेल तर लोक जरा तरी आडून आडून विचारतात, वजनाचं मात्र थेट. लग्नकार्यात तर विचारूच नका. हातात अक्षता, मंगलाष्टकं चालू, आणि मागून कुणीतरी मावशी दंडाला चिमटा काढून म्हणते, "काय गं, बरीच सुटलीस की!" यावर काय बोलायचं असतं? थँक्यू म्हणायचं का? बरं, तीच मावशी अर्ध्या तासाने पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढते, वर "एवढ्याने काय होतंय" म्हणते.

मी जाड आहे, शाळेपासून. आणि नवरा लुकडा. त्यामुळे आमच्या घरात आजारी कोण पडणार हे लग्नाच्या दिवशीच सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. माझ्या ताटात कोरडा फुलका, त्याच्या पोळीवर तुपाची धार, कारण सासूबाईंच्या मते "माझ्या पोराच्या अंगाला काही लागतच नाही". लागत होतं हो, फक्त दिसत नव्हतं. ऑफिसातून हेल्थ चेकअप झालं तेव्हा शुगर त्याची वाढलेली, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) त्याचे वाढलेले, आणि माझे रिपोर्ट ठीकठाक (गुडघे सोडून, गुडघ्यांचं रडगाणं वेगळंच आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही). सासूबाईंनी दोन्ही कागद चष्मा लावून उलटसुलट करून बघितले आणि ठामपणे म्हणाल्या, लॅबवाल्यांनी अदलाबदल केली असणार.

अदलाबदल वगैरे काही नाही, बारीक दिसणाऱ्याच्याही आत चरबी दडलेली असते, या गोष्टीचा शोध आमच्या पुण्यातच लागलाय. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तर आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची साधारण साडेतीन किलोची. म्हणजे आपली बारीकच. पण गंमत अशी की आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. जन्मतःच बारीक दिसणारी पण आतून चरबी राखून असलेली मंडळी आपण. नऊ महिने आईच्या पोटात जे मिळालं नाही त्याचा हिशोब शरीर असा मांडतं आणि चाळिशीत तो काढून दाखवतं.

आणि मग त्यांचा तो फोटो, जो मी सासूबाईंना मोबाईलवर मोठा करून दाखवला. 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सेम, 22.3, म्हणजे कुठल्याही तक्त्यात दोघेही नॉर्मल. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. दुप्पटीहून जास्त! स्वतःचंच उदाहरण असं जगासमोर ठेवायला मोठं मन लागतं, मला तर चष्मा कितीचा आहे हे पण सांगावंसं वाटत नाही. सासूबाईंनी फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, "दोघंही चांगले सडपातळ आहेत की." तेच तर म्हणतेय ना आई!

बीएमआयचं पण जरा जास्तच कौतुक होतं. तो हिशोब काढला केटले नावाच्या बेल्जियन माणसाने, 1830 च्या दशकात, आणि तो खगोलशास्त्र आणि आकडेमोडवाला, डॉक्टर नव्हेच. त्याला सरासरी माणूस कसा असतो हे बघायचं होतं, कुणाला डायबेटीस होणार हे नाही. आता भारतीयांसाठी 25 ची रेघ खाली आणून 23 वर केलीय, 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठ, ते बरंच झालं. पण त्याहून कामाचा आकडा पोटाचा आहे. पुरुषांचा 90 सेंटिमीटर, बायकांचा 80, त्याच्या वर गेलं की सावध व्हायचं.

आता इथे खरी मजा आहे. कुठल्याही मराठी पुरुषाला विचारा, कंबर किती? "चौतीस. कॉलेजपासून चौतीसच आहे." खोटं बोलत नाही तो. पँट खरंच चौतीसची असते. फक्त कॉलेजात ती बेंबीशी असायची आणि दरवर्षी एकेक बोट खाली सरकत आता पोटाच्या पार खाली जाऊन बसलीय, पोट तिच्यावरून छज्जासारखं बाहेर, आणि हा आकडा आहे तिथेच! बायकांना ही सोय नाही. आमचा ब्लाउज शिवणारा टेलर चारचौघांत मोठ्याने आकडा पुकारतो, आतली पोरगी तो वहीत लिहिते, शिवाय वर स्वतःच म्हणतो, "ताई, मार्जिन दोन्ही बाजूंनी ठेवतो हं." इतका स्पष्टवक्ता डॉक्टर मला अजून भेटायचाय.

म्हणून मला टोमणे मारणाऱ्यांचा राग येतो तो माझ्यासाठी कमी आणि नवऱ्यासाठी जास्त. मला निदान लोकांनी बोलून बोलून तपासायला लावलं. मी चालायला जाते, शुगर बघते, बीपी बघते. त्याला मात्र कुणी कधी काही म्हणालंच नाही, उलट "मेंटेन केलंय बुवा" असं म्हणून पाठीवर थाप. बाकी उपायांचं काय, दोन वेळाच जेवा म्हणणारे आहेत, दर दोन तासांनी खा म्हणणारे आहेत, आता तर 2025 पासून ती वजन कमी करायची इंजेक्शनं पण इथे मिळायला लागली, ज्याला डॉक्टर देतील त्याने घ्यावीत, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की शिवणाच्या डब्यात एक टेप असते.

ती काढली परवा. म्हटलं ये इकडे, शर्ट वर कर. पँटच्या पट्ट्यावर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या आसपास. पहिल्यांदा 87 आलं, कारण साहेबांनी पोट पार पाठीला चिकटवलेलं. म्हटलं श्वास सोड, नेहमीसारखा. 98.

"टेप जुनी आहे," तो म्हणाला, "ताणली गेलीय."

"जुनी टेप ताणली तर आकडा कमी येतो," सासूबाई आतून म्हणाल्या. आयुष्यभर घरी शिवण केलंय त्यांनी.