चपला काढायचा दगड

आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागून एक दगड होता, कमरेएवढा असंल, निम्मा मातीत. देवळात जाणारा प्रत्येकजण त्याच्या बुडाला चपला काढायचा आणि आम्ही पोरं तर त्याच्यावरच बसून चिंचा खायचो. जत्रेच्या आधी देवळाला रंग दिला की डब्यात उरलेला आइलपेंट त्या दगडाला, त्यामुळं तो कधी हिरवा कधी भगवा, एका वर्षी तर चक्क गुलाबी. काहीतरी कोरलंय एवढं कळायचं, पण आज्जीला विचारलं की ती म्हणायची, कुणीतरी जुना माणूस हाय, पाय लावू नको. आम्ही लावायचोच.

तो वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, हे मला कळायला पस्तिशी उलटावी लागली. पोरीला घेऊन कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियमला गेलो होतो, तिथं असाच दगड बघितला आणि म्हटलं अरे हा तर आपला चपलांचा दगड!

वीरगळ खालनं वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, माणूस पडलेला. बाजूला गाई कोरल्या असतील तर समजायचं की गावाची जनावरं पळवायला कोण आलं होतं आणि हा गडी आडवा गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूनं धरून वर न्यायला लागलेल्या, त्याच्या वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातले असे दगड आपल्या जिल्ह्यात गावोगाव पडलेत, करवीर तालुक्यातल्या बीडला जाऊन बघा, एकदोन नाहीत, ढीगभर आहेत. आणि बहुतेकांवर नाव नाही. एक अक्षर नाही. ज्यांच्यासाठी कोरला त्यांना माहीत होतं ना कोण ते, मग लिहायचं कशाला!

तेव्हापासनं मला स्मारक दिसलं की गाडी थांबवायची खोड लागलीय, बायको वैतागते. गेल्या उन्हाळ्यात गडहिंग्लजला लग्नाला गेलो होतो तर अक्षता पडल्या की जेवून थेट नेसरी. प्रतापराव गुजर, शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती. उमराणीला त्यांनी आदिलशाहीच्या बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला गुडघ्यावर आणला होता, पण शरण आला म्हणून सोडून दिला, महाराज चिडले, आणि सोडलेला खान परत आला. मग २४ फेब्रुवारी १६७४ ला मागं फौज ठेवून फक्त सहाजण बरोबर घेऊन खानावर घोडं घातलं. सातही गेले. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता, सरनौबतांना तो बघायला मिळाला नाही. त्या सहाजणांची परंपरेनं सांगतात ती नावं मी पोरीला सांगत होतो, विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊत, सिद्दी हिलाल... तर ती म्हणाली, पप्पा सिद्दी म्हणजे मुसलमान ना? म्हटलं व्हय, आणि महाराजांचाच माणूस. उन्हात उभं राहून शाळेपेक्षा जास्त इतिहास झाला तिचा तेवढ्यात.

पावनखिंडीला मात्र मी चालत गेलोय, पन्हाळ्यापासनं, जुलैत. मसाई पठारावर धुकं असं की पुढच्या माणसाची सॅक दिसायची नाही आणि खाली उतरलं की गुडघाभर चिखल. आम्ही रेनकोट, बूट, वाटेत चहा-भजी करत दोन दिवस घेतले, आणि ती माणसं १२ जुलै १६६० ला रात्री वेढ्यातनं निसटून, महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन, दुसऱ्या दिवशी खिंडीत उभी राहून लढली. लोखंडी जिन्यानं खाली उतरलं की पाण्याच्या आवाजात कुणाचं बोलणंच ऐकू येत नाही. बाजीप्रभूंचं नाव सगळ्यांना माहीत, पन्हाळ्यावर त्यांचा दोन्ही हातात तलवारी घेतलेला पुतळा आहे, महाराजांचा वेष घालून दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदांचंही स्मारक तिथंच आहे. पण खिंडीत कापले गेलेले ते बांदलांचे मावळे? तीनशे म्हणतात. तीनशे हा आकडाच त्यांचं नाव होऊन बसलाय.

शहरात तर वेगळीच गंमत. ताराराणींचा घोड्यावरचा एवढा देखणा पुतळा, चौकाला नाव ताराराणी चौक, पण रिक्षावाल्याला सांगायचं काय तर कावळा नाका. आणि शिवाजी चौकात रोज वडापाव खाणाऱ्या किती जणांना माहीत असंल की तिथं आधी विल्सन नावाच्या गव्हर्नरचा पुतळा होता आणि बेचाळीसच्या चळवळीत त्याच्यावर हल्ला करणाऱ्यांत दोन बायका होत्या, भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे. महाराजांचा अर्धपुतळा त्याच्या नंतर आला.

आणखी एक, स्मारकांवरच्या पाट्या. मी बऱ्याच वाचल्यात आता. वीराबद्दल दोन ओळी आणि खाली उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष सहकार्य, सौजन्य असं लग्नपत्रिकेसारखं. वीरगळवाल्या पाथरवटानं स्वतःचंसुद्धा नाव टाकलं नव्हतं.

तर, यंदा जत्रेच्या आधी गावात मीटिंग झाली तेव्हा मी विषय काढला. देवळापुढं पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणून तो दगड काढून ओढ्याला टाकायचं चाललं होतं. आप्पा, माझे चुलते, आधी म्हणाले, "आरं दगुडच हाय त्यो, दुसरा आणूया की चांगला." मोबाईलवर फोटो दाखवले, बीडचे, म्युझियमचे, मग गप्प बसले. रविवारी चार पोरं, दोन बादल्या पाणी, पेंट काढायचं रिमूव्हर आणि बांबूच्या काड्या घेऊन बसलो, लोखंडी ब्रश लावू दिला नाही मी. गुलाबी गेला, हिरवा गेला, चुना गेला. दुपारी दोनच्या सुमाराला खालच्या चौकटीत शिंगं दिसली. मग दुसरी जोडी. तीन गाई निघाल्या, आणि त्यांच्यापुढं एक गडी, हातात धनुष्य, चेहरा झिजून सपाट झालेला, इतकी वर्षं आमचीच चड्डी त्याच्यावर घासलेली.

आप्पा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. मग म्हणाले, "आपल्याच गावच्या असतील न्हवं रं गाई?"

आता तो देवळाच्या उजव्या हाताला कट्ट्यावर उभा केलाय, चपलांसाठी स्टँड आणलाय. पाटीवर काय लिहायचं ह्यावर जोरदार वाद झाला, कारण नाव नाही आणि साल नाही, आणि सौजन्य टाकायला तिघं तयार. शेवटी एकच शब्द ठरला. पेंटरनं तो 'विरगळ' असा लिहिलाय, वेलांटी पहिली. दुसरी पाहिजे म्हणून सांगितलंय, जत्रा झाली की येतो म्हणालाय.