भोंडल्याला स्पीकर का नाही?

घटस्थापना जवळ आली की सोसायटीत कोणीतरी विचारतंच, "काकू, भोंडल्याची गाणी यूट्यूबवर आहेत, स्पीकर आपलाच आहे, मग घसे कशाला कोरडे करायचे?" यंदा तुम्ही कमिटीच्या बैठकीतही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगते.

माझं स्पीकरशी वैर नाही. पार्किंगमध्ये 50-60 बायकांचा फेर धरला की पाटावरच्या हत्तीच्या या बाजूचा आवाज त्या बाजूला पोचत नाही. पलीकडच्या एक ओळ मागे पडतात, पाय चुकतात. हात एकमेकींच्या हातात, त्यामुळे कागद-मोबाइल धरायची सोय नाही. ज्यांना गाणी येत नाहीत त्यांनी काय करायचं? म्हणून स्पीकर आणायचं ठरलं तेव्हा मीही हो म्हटलं होतं. ती अडचण आजही खरी आहे.

पण त्या वर्षी काय झालं ते नव्या बिऱ्हाडांना माहीत नाही. आपल्याकडे अकोल्याकडच्या एक आजी होत्या. त्यांच्याकडे भुलाबाई, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी आपलीच वाटायची आणि मध्येच वेगळी वळायची. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते आधी वेल लाव, मग कारली येऊ देत, मग भाजी कर. आजींची सासू याहून चिवट, ती आणखी चार कामं सांगायची. रेकॉर्डिंग लागलं. आजी सवयीने ते कडवं म्हणायला लागल्या, तोवर स्पीकरमधली बाई पुढे गेली होती. आजींनी पुन्हा सूर धरला. कोणीतरी म्हणालं, "आजी, चुकताय तुम्ही." त्यांनी माझा हात सोडला, पलीकडचीचा हात माझ्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. फेर क्षणभरही थांबला नाही. मला तेच लागलं. थोड्या वेळाने बघते तर गात कोणीच नव्हतं. एवढ्या बायका तोंड मिटून गोल फिरत होत्या. पुढे आजी मुलाकडे बंगळूरला गेल्या. त्यांची ती कडवी आता आपल्यात कोणालाच येत नाहीत.

तेव्हापासून दोन फेर धरतो. गाणी येणाऱ्या आत, बाकीच्या बाहेर. आतल्यांनी ओळ म्हणायची, बाहेरच्यांनी ती उचलायची. आणि लय सगळ्यांत हळू चालणारीच्या पायाची. मी कोल्हापूरची, आमचा हादगा 16 दिवसांचा. पहिल्या दिवशी 1 गाणं, दुसऱ्या दिवशी 2, असं करत शेवटी 16. गाणी पाठ करावी लागली नाहीत, आपोआप तोंडात बसली. इथे एका संध्याकाळीत तेवढं होत नाही, हे मला कळतं.

"पण मुली कुठे येतात?" नाही येत. माझीच मुलगी दांडियाला जाते. ती म्हणते, सासू-नणंदेची गाणी मी का म्हणू? मी सांगते, अगं, त्या गाण्यांतच सुना सासूची फजिती करतात. तिला ते पटत नाही, आणि रात्री विचार करताना कधीकधी मलाही पुरतं पटत नाही. स्पीकर लावला तर मुली येतील, असंही असू शकेल. आल्या आणि नुसत्या फिरल्या, तर त्याला भोंडला म्हणायचं का, यावर आमचं घरात अजून भांडण चालू आहे.

मत घ्यायचं असेल तर घ्या. माझं विरोधात धरा.