जन्माची नोंद एका गावात, आईची गणना दुसऱ्या

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षी किती मुले जन्मली, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. पण परभणीत संख्याशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी हेच सांगतो की, ही मुले कोणत्या बायकांची मोजायची आणि त्या बायका कोणत्या गावच्या धरायच्या हे ठरल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. जन्मदराच्या अंशात ज्या स्त्रियांची बाळंतपणे मोजली, त्याच स्त्रिया छेदातही मोजलेल्या असल्या पाहिजेत. प्रजननाच्या मोजणीतील बहुतेक सगळी सूत्रे आणि तक्ते ही अट पाळण्यासाठी तयार झाले आहेत, आणि आपल्या भागात ही अट पाळणे फार अवघड जाते.

सर्वांत परिचित माप म्हणजे ढोबळ जन्मदर. वर्षभरातील जिवंत जन्म भागिले वर्षाच्या मध्याची, म्हणजे 1 जुलैची लोकसंख्या, गुणिले हजार. समजा, प्रत्येकी 3000 वस्तीच्या दोन गावांत वर्षाला 45-45 जन्म झाले. दोन्हींचा ढोबळ जन्मदर हजारी 15 येईल. परंतु पहिल्या गावात 15 ते 49 वयाच्या 800 स्त्रिया असतील आणि दुसऱ्या गावातील तरुण कुटुंबे पुण्याकडे गेल्यामुळे तेथे 600च उरल्या असतील, तर याच वयाच्या हजार स्त्रियांमागे पहिल्या गावात 56 आणि दुसऱ्यात 75 जन्म पडतात. ज्या भागातून माणसे मोठ्या संख्येने बाहेर जातात, त्या भागासाठी ढोबळ जन्मदरावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात वयोगट करतात आणि प्रत्येक गटाचा वेगळा दर काढतात. एक काल्पनिक तक्ता घेऊ. दर हजार स्त्रियांमागे 15-19 या गटात 30 जन्म, 20-24 मध्ये 150, 25-29 मध्ये 110, 30-34 मध्ये 40, 35-39 मध्ये 10, 40-44 मध्ये 3 आणि 45-49 मध्ये 1. बेरीज 344 झाली. प्रत्येक स्त्री एका गटात पाच वर्षे काढते, म्हणून बेरजेला पाचाने गुणायचे आणि हजाराने भागायचे: 1.72. हाच एकूण प्रजनन दर. एखादी स्त्री 15 ते 49 या सगळ्या वयांतून आजच्याच दरांनी गेली, तर तिला सरासरी किती मुले होतील, एवढेच तो सांगतो. आज पन्नाशीला पोचलेल्या बायकांना प्रत्यक्षात किती मुले झाली, हे त्यातून कळत नाही, आणि वर्तमानपत्रांत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. लग्नाचे वय वाढत असताना तर हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो, कारण पहिले मूल दोन-तीन वर्षे पुढे ढकलले गेले की त्या वर्षांचा दर तात्पुरता खाली येतो, मग त्या बायकांना शेवटी पूर्वीइतकीच मुले होणार असली तरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशाचा एकूण प्रजनन दर 2.0 आणि महाराष्ट्राचा 1.7 आला. लोकसंख्येची एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढण्यासाठी साधारण 2.1 दर लागतो असे मानतात. या 2.1 मागे एक गृहीत आहे: शंभर मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात आणि बहुतेक मुली स्वतः आई होण्याच्या वयापर्यंत जगतात. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. ज्या पिढीत मुलीच इतक्या कमी आहेत, तिला 2.1 पुरणार नाहीत. या कारणासाठी फक्त मुलींचे जन्म मोजणारा आणि त्यांच्या मृत्यूंचाही हिशेब धरणारा निव्वळ पुनरुत्पादन दर काढतात. जन्मदराच्या चर्चेत बीडचे नाव घेणाऱ्याने हा दर पाहिल्याशिवाय बोलू नये, असे मला मनापासून वाटते.

आता या तक्त्यात भरायचे आकडे येतात कोठून? पहिला स्रोत नोंदणीचा. 1969 च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्म 21 दिवसांच्या आत कळवावा लागतो, आणि जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आणि अवघड प्रसूती लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था या दोन्हींमुळे सासरच्या गावाच्या नोंदवहीत त्या बाळाचे नाव येत नाही. शहराच्या खात्यावर जन्म फुगतात, खेड्याच्या खात्यावर आटतात. या नोंदीच्या अर्जाला एक कायदेशीर आणि एक सांख्यिकी भाग असतो. सांख्यिकी भागात आईचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण, तिचे शिक्षण, लग्नाच्या वेळचे वय, प्रसूतीच्या वेळचे वय आणि आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुले विचारलेली असतात. आईच्या निवासाप्रमाणे जन्म पुन्हा वाटून तक्ते तयार केले, तर माहेर-सासरचा गुंता बराच सुटतो. पण घाईच्या वेळी या रकान्यात माहेरचाच पत्ता लिहिला जातो, आणि तो लिहिणाऱ्याला आपण एका तालुक्याचा जन्मदर बदलत आहोत याची कल्पना नसते.

वयाचा रकाना त्याहून नाजूक. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या याच पाचव्या फेरीत आढळले, आणि परभणी व बीड हे जिल्हे राज्याच्या सरासरीच्या बरेच वर होते. लग्न कायद्याच्या वयाआधी झाले की बाळंतपणाच्या वेळी वय वाढवून सांगण्याचे कारण घरातच तयार असते. मग 15-19 या गटातील जन्म तक्त्यात 20-24 मध्ये जाऊन बसतात. एकूण प्रजनन दर त्यामुळे फारसा हलत नाही, पण सतरा वर्षांच्या आईचे बाळंतपण कागदावरून नाहीसे होते, आणि जिच्यासाठी आरोग्य व्यवस्थेने सर्वाधिक धडपड करायला हवी तीच आकड्यांत सापडत नाही.

वृद्ध स्त्रियांच्या वयाचा प्रश्न निराळा. वय विचारले की पन्नास, पंचावन्न, साठ अशी गोल उत्तरे येतात. शून्य आणि पाच या अंकांवर किती वये साचली आहेत, हे मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. चांगले प्रगणक अशा वेळी घटनांचे कॅलेंडर हाताशी ठेवतात. रझाकारांची धामधूम आणि 1948 ची पोलीस कारवाई, 1972 चा दुष्काळ, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता, मी खडी फोडायला जायचे," असे एखादी आजी सांगते, आणि त्या एका वाक्यातून थोरल्याचे जन्मवर्ष मिळते, मग त्यावरून तिचेही वय अंदाजता येते. मराठवाड्यातील आठवणींत या कॅलेंडरला पुरेल एवढे आहे.

दुसरा स्रोत नमुना नोंदणी योजनेचा, म्हणजे एस.आर.एस.चा. ती 1969-70 पासून देशभर चालू आहे. निवडलेल्या गावात एक स्थानिक प्रगणक, पुष्कळदा शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्ती, वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहते; दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणे घरोघर विचारपूस करतो; मग दोन याद्या जुळवतात आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा घरी जाऊन पडताळतात. नेहमीच्या रहिवासी स्त्रीच्या बाळाचा जन्म ती कुठेही बाळंत झाली तरी तिच्या गावाच्या खात्यावर धरतात, आणि पाहुणी म्हणून आलेलीच्या बाळाचा धरत नाहीत. माहेर-सासरच्या प्रश्नावर इतका सरळ उपाय मला दुसरा दिसलेला नाही.

दोन याद्यांमागचा विचार सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी 1949 मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या माहितीवर मांडला होता. दोन्ही याद्यांत 80 जन्म आहेत, फक्त पहिलीत 10 आणि फक्त दुसरीत 8, असे समजू. मग दोन्हींतून सुटलेले जन्म अंदाजे 10 गुणिले 8 भागिले 80, म्हणजे 1, एकूण 99. पण हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा एका यादीतून सुटण्याचा दुसरीतून सुटण्याशी संबंध नसतो. ऊसतोडीच्या तळावर कोपीत, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्मलेले आणि काही तासांत गेलेले मूल दोन्ही याद्यांतून एकाच कारणाने सुटते, आणि तेथे सूत्राने काढलेला आकडा कमीच पडतो.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रीलाच तिच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास पहिल्यापासून विचारतात, हयात नसलेली मुलेही धरून, आणि सर्वेक्षणाआधीच्या तीन वर्षांतील जन्मांवरून दर काढतात. अंश आणि छेद एकाच तोंडून आल्यामुळे ते एकमेकांशी जुळतात. नमुना मात्र एवढा मोठा नसतो की जिल्ह्याचा एकूण प्रजनन दर विश्वासाने छापता यावा, म्हणून जिल्ह्यांच्या माहितीपत्रकात तो दिलेला नसतो. हिंगोलीचा दर राज्याच्या दरावरून ठरवणारे लेख वाचताना मला चिंता वाटते.

जिल्ह्यासाठी मग उरते जनगणना. 2011 मध्ये विवाहित स्त्रियांना आतापर्यंत किती मुले झाली, किती हयात आहेत आणि गेल्या वर्षभरात मूल झाले का, हे विचारले होते. गेल्या वर्षाचे उत्तर पुष्कळदा अपुरे येते. आयुष्यभराच्या मुलांची संख्या तरुण स्त्रियांकडून बरीच बरोबर येते. या दोहोंची तुलना करून वर्षाचा दर दुरुस्त करण्याची पद्धत लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी आफ्रिकेतील माहितीवर काम करताना बसवली, आणि ती आपल्याकडेही वापरतात.

परंतु 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली, आणि येणाऱ्या जनगणनेचीही लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे. फेब्रुवारीत बीड, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या तळांवर असतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावरच परततात. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जी व्यक्ती घरी नव्हती, तिची गणना ती जेथे सापडेल तेथे करतात. कोयत्याने जोडीने काम करणाऱ्या या स्त्रिया वीस ते पस्तीसच्या, म्हणजे नेमक्या मुले होण्याच्या वयाच्या असतात, आणि लहान मुले त्यांच्यासोबत असतात. त्या बीडच्या छेदातून जातात आणि सांगली-कोल्हापूरच्या छेदात मिळतात; त्यांच्या मुलांची जन्मनोंद मात्र बीडची असू शकते, कारखान्याच्या तालुक्यातली असू शकते किंवा कुठलीच नसते. तळावर जाणाऱ्या प्रगणकाला मुकादमाकडून टोळीची यादी मिळाली, प्रत्येक कोपीत जाऊन स्त्रीशी थेट बोलता आले आणि तिचे मूळ गाव, तालुका व जिल्हा नीट लिहिला गेला, तर जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांवरून तिला तिच्या मुलांसह पुन्हा बीडमधल्या वडवणीला किंवा पाटोद्याला जोडता येईल. ऊसपट्ट्यातील तालुक्यांच्या प्रगणकांचे प्रशिक्षण घेताना या एका रकान्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, अशी माझी जनगणनेच्या कामाशी संबंधित सर्वांना विनंती आहे.