कॉफीला पण फॅट लावून दर द्या ना!

कॉफीच्या छोट्या शेतकऱ्याला मदत करायची म्हटलं की सगळे आधी ट्रेनिंग, रोपवाटिका, कंपोस्टचे खड्डे यावर येतात. ते सगळं लागतंच, पण अराकूला जाऊन आल्यापासून माझं मत पक्कं झालंय की सुरुवात दरापासून व्हायला पाहिजे.

अराकू म्हणजे आंध्रातला पूर्व घाट. विशाखापट्टणमहून किरंदुलच्या रेल्वेने बोगद्यांमागून बोगदे पार करत वर चढायचं, साधारण हजार मीटर उंची, आणि तिथे एक-दोन एकरवाली आदिवासी कुटुंबं अरेबिका जातीची कॉफी पिकवतात. पूर्वी इथे पोडू चालायचं, म्हणजे डोंगराचा तुकडा तोडून जाळायचा, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं की पुढचा तुकडा. ते कमी व्हावं म्हणून सरकारने, मुख्यतः पाडेरूच्या आयटीडीएने, म्हणजे आदिवासी विकासाच्या सरकारी यंत्रणेने, कॉफी आणली. वर सिल्व्हर ओकची सावली, खाली कॉफी आणि ओकच्या खोडावर काळी मिरीचा वेल. 2017 मध्ये अराकू कॉफीचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं, 2019 मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाची अधिकृत ओळख, मिळाला. नाव झालं, छानच झालं.

पण मी बघत बसले ती तोडणी. कॉफीची फुलं उन्हाळी सरी पडल्या की येतात, आणि सर काही एकदाच पडत नाही, त्यामुळे नोव्हेंबरपासून तोडणी लागते तेव्हा एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी, अशी सगळी फळं एकत्र असतात. एक अक्का दाखवत होत्या, लाल म्हणजे पिकलेलं फळ बोटांत धरून हलकेच पीळ द्यायचा, देठ फांदीवरच राहिला पाहिजे, शेजारचं हिरवं हलता कामा नये. मग घरी आणून पाण्यात टाकायची, तरंगतील ती बाजूला. आणि उरलेल्यांची साल त्याच दिवशी काढायची, कारण रात्रभर ढिगात राहिली की आंबतात आणि तो आंबूस वास शेवटी कपात येतो. नीट करायचं तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. अख्खी फांदी मुठीत धरून ओरबाडली तर काम एका फेरीत होतं. आणि एवढं करून पाच-सहा किलो फळातून सुकलेली कॉफी निघते जेमतेम किलोभर!

आता सांगा, गावात येणारा व्यापारी लाल-हिरवं सगळं एकाच भावात घेत असेल तर कोण चार फेऱ्या मारेल? कुणीच नाही, आणि मारू पण नये. त्यात पावसाळ्यात घरात काही नसताना त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असली की भाव विचारायची सोयच राहत नाही. 2019 ला न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पाउंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, एक डॉलरच्या खाली गेली होती, 2025 च्या फेब्रुवारीत चार डॉलरच्या वर, पण उचल घेतलेल्या माणसापर्यंत पडलेला भाव लगेच पोचतो आणि चढलेला पोचतच नाही.

आपल्याकडे गावोगावच्या डेअरीत दूध घालताना फॅट बघून दर लावतात ना, तसंच इथे हवं. तराजू गावात, प्रत शेतकऱ्यासमोर बघायची, लाल फळाला जास्त दर, पैसे खात्यावर. अराकूत नांदी फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने फळ विकत घेऊन एकत्र प्रक्रिया करायचा जो रस्ता धरला त्याचं खरं मोल मला यात वाटतं, पॅरिसचं दुकान नंतरची गोष्ट. गिरीजन कोऑपरेटिव्ह कॉर्पोरेशन, म्हणजे आदिवासींचा माल विकत घेणारं आंध्र सरकारचं महामंडळ, तेही खरेदीचा दर जाहीर करतं, त्यामुळे व्यापाऱ्याशी बोलताना निदान एक आकडा हातात असतो.

आणि दर मिळायला लागला की ते शाश्वत शेती वगैरे आपोआप पटतं हो! सावलीचंच घ्या. पांढरा खोडकिडा अरेबिकाचा मोठा शत्रू, त्याला उन्हात तापलेलं खोड आवडतं, त्यामुळे सावली तोडली की किडा वाढतो. पोखरलेलं झाड मुळासकट उपटून जाळावं लागतं, नाहीतर किडा शेजारच्याच्या बागेत जातो. पण उभं झाड उपटायला मन कधी होईल, तर नव्या रोपातून चार पैसे येणार अशी खात्री असेल तेव्हा. मिरीचं पण तसंच, कॉफीचा भाव पडला त्या वर्षी तीच घर चालवते. फक्त सगळीकडे एकटा सिल्व्हर ओक लावायचा मला पटत नाही, पटकन वाढतो आणि लाकूड विकलं जातं हे खरं, पण मध्ये फणस, आंबा, जंगलातली मूळची झाडं पाहिजेत, खायला पण होतं आणि पाखरं पण राहतात.

आता युरोपने नवा नियम केलाय, 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही, आणि त्यासाठी प्रत्येक प्लॉटचं जीपीएस लोकेशन द्यावं लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलत चाललेत, पण आज ना उद्या येणारच. मोठा बागायतदार एक माणूस ठेवून हे करेल. एकरभरवाल्याने काय करायचं, ज्याला वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्काचा कागद, मिळालाय की अजून अडकलाय यावरच सगळं अवलंबून? हे काम शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीनेच अंगावर घ्यायला हवं आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून कापू नये, तो निर्यातदाराने आणि विकत घेणाऱ्याने उचलावा.

हे सगळं मी चिखलदरा डोक्यात ठेवून लिहितेय. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की तेच नाव येतं, आणि आसपासच्या कोरकू गावांत लागवड वाढवू असं कुणी म्हणालं की मला आनंदच होतो. फक्त रोपं वाटायच्या आधी चालण्याच्या अंतरावर एक पल्पर म्हणजे फळाची साल काढायचं यंत्र, वाळवायला जाळीची टेबलं आणि प्रत बघून त्याच आठवड्यात पैसे देणारा खरेदीदार, एवढं ठरवा. रोप लावल्यावर पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं जातात, ते उभं करायला तेवढा वेळ हाताशी आहे.