गव्हाणीच्या तळाशी राहिलेली भुकटी

गेल्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यातल्या एका वस्तीवरून भर दुपारी फोन आला की गाईला ऊन लागले आहे, लगेच या. मी पोहोचलो तेव्हा पत्र्याच्या गोठ्यात तीन संकरित होल्स्टीन गाई तोंड उघडून धापा टाकत होत्या. एकीच्या कुशीची हालचाल मोजली, तर श्वास मिनिटाला ८० च्या वर होता.

तिघींच्या अंगावर पाणी मारून अर्ध्या तासाने पुन्हा ताप पाहिला. दोघींचा १०२ फॅरनहाइटपर्यंत उतरला, तिसरीचा १०५ वरून हलला नाही. उन्हाने तापलेले अंग पाण्याने निवते, पण जंतूंशी झुंजताना शरीराने स्वतः चढवलेला ताप तसा उतरत नाही, म्हणून मी कासेला हात लावला. मागचा डावा भाग घट्ट, गरम होता आणि पहिल्याच धारेत दह्यासारख्या गुठळ्या आल्या. ही दगडी, म्हणजे कासेचा जंतुसंसर्ग होता.

"डॉक्टर, मी रोज खनिज मिश्रण घालते की हो," गाईंच्या मालकीण आक्का कळवळून म्हणाल्या. "एक दिवस चुकवलं नाही."

त्या खरेच बोलत होत्या, अर्धे संपलेले पाकीट खुंटीला होते. तरीही मी गव्हाणीत हात घातला. उसाच्या वाड्याच्या उष्ट्या काड्यांखाली राखाडी भुकटीचा ओलसर थर चिकटला होता, तो नखाने खरवडावा लागला. उरलेले रोज सकाळी उकिरड्यावर टाकतो, असे गड्याने कन्नडमध्ये सांगितले.

पचनातूनही उष्णता निर्माण होते, म्हणून उन्हात गाय आधी खाणे कमी करते. म्हणजे ज्या दिवसांत घामातून पोटॅशियम आणि लाळेतून सोडियम जाते, ताणामुळे वाढलेले कॉर्टिसोल हे संप्रेरक पांढऱ्या पेशींचे बळ कमी करते, त्याच दिवसांत मिश्रणातले जस्त आणि सेलेनियमही पोटात कमी जाते. सडाच्या तोंडाशी जंतूंना अडवणारा केराटिनचा थर बनायला जस्त लागते. जंतू मारताना तयार होणाऱ्या जहाल द्रव्यांपासून पांढऱ्या पेशींना वाचवणारे विकर (एन्झाइम) सेलेनियमवर चालते.

मी कास रिकामी करून औषध भरले, ताप आणि सूज उतरवणारे इंजेक्शन दिले आणि त्या गाईचे दूध डेअरीला घालू नका असे बजावले. मिश्रण दुप्पट करू का, असे आक्कांनी विचारले. मी ठाम नकार दिला, कारण सेलेनियमच्या गरजेच्या आणि विषारी मात्रेत अंतर फार थोडे असते. त्याऐवजी रोजचे ५० ग्रॅम मूठभर ओल्या भुशात कालवून, पहाटे गारव्यात, वैरणीच्या आधी प्रत्येकीपुढे वेगळे ठेवायला सांगितले. पश्चिमेला ओली गोणपाटे बांधायची आणि पाणी दिवसभर समोर ठेवायचे, हेही ठरले. सावली आणि पाण्यावाचून नुसत्या पाकिटाचा उपयोग नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितले.

इतकी वर्षे मीही "मिश्रण घालता ना?" एवढेच विचारत आलो होतो. आता आधी गव्हाण पाहतो.

गाय वाचली, पण त्या सडाचे दूध निम्म्यावरच राहिले. उरलेल्या दोघींना त्या उन्हाळ्यात दगडी झाली नाही. ते मिश्रणामुळे की गोणपाटांमुळे, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.