असईच्या शिवारातून दिसणारे लष्करी करार

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या असईला गेलो होतो. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात कपाशी उभी होती आणि पाणंदीतला चिखल असा, की चपला हातात घेऊनच चालावे लागले. 23 सप्टेंबर 1803 रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीने इथेच शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसताच, मधे नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, हे त्याने ताडले आणि सैन्य पलीकडे नेले. उतार कुठे, असे बांधावरच्या एका आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पूल नव्हता तेव्हा आमच्या गाड्या तिथूनच जायच्या की सर."

मला मात्र लढाईपेक्षा तिच्यामागच्या करारांचे कुतूहल अधिक आहे. 1795 साली खर्ड्याला मराठे निजामावर चालून आले, तेव्हा इंग्रज मदतीला येतील ही त्याची आशा गव्हर्नर जनरल जॉन शोअरच्या तटस्थतेने फोल ठरली. तरीही तीन वर्षांनी निजामाने फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या आणि इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तिच्या खर्चापोटी 1800 साली म्हैसूरकडून मिळालेला मुलूख कंपनीकडे गेला. पुढे 1853 मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, थकबाकीपोटी वऱ्हाडही गेला. पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल निजामाला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' असा किताब मिळाला. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा त्या किताबाचा काडीचाही उपयोग झाला नाही आणि सुरक्षा परिषदेकडे केलेली तक्रारही कामी आली नाही. आम्ही मराठवाड्यातले लोक 17 सप्टेंबरला झेंडावंदन करतो ते आनंदानेच, पण मित्राच्या भरवशाची ही बाजू त्या दिवशीच्या भाषणांत सहसा येत नाही.

हे सारे आज आठवते ते अमेरिका आणि युरोपीय देशांच्या नाटो या लष्करी आघाडीमुळे. 2025 च्या हेग परिषदेत सदस्यांनी 2035 पर्यंत संरक्षण व त्याच्याशी निगडित बाबींवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 5 टक्के खर्च करण्याचे ठरवले, आणि त्यामागे अमेरिकेचा रेटा होता हे उघड आहे. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, हे पाचवे कलम सर्वांना पाठ असते; परंतु प्रत्येक देशाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, असेही त्याच कलमात आहे. ते आजवर एकदाच लागू झाले, 11 सप्टेंबर 2001 नंतर, आणि तेही सर्वांत बलाढ्य सदस्यासाठी! असे असूनही रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केल्यावर फिनलंड 2023 मध्ये आणि स्वीडन 2024 मध्ये नाटोत गेले, कारण 1994 च्या बुडापेस्ट करारातील आश्वासनांवर विसंबून अण्वस्त्रे सोडणाऱ्या युक्रेनची गत त्यांच्यासमोर होती. त्यांना मी निजामाच्या रांगेत बसवणार नाही. त्यांचे सैन्य त्यांच्याच हुकमात आहे, निजामाची तैनाती फौज त्याच्या पैशावर पोसली जाऊनही त्याची नव्हती. असईच्या मोहिमेत कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली ती वेलस्लीच्याच कामी फिरत होती.

भारताने 9 ऑगस्ट 1971 रोजी सोव्हिएत संघाशी करार केला, त्यातही हल्ल्याच्या प्रसंगी परस्पर सल्लामसलत करून योग्य ती पावले उचलावीत, एवढेच बंधन होते. त्याच वर्षी डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार आपल्या कामी आला, तो कलमांपेक्षा चीन आणि अमेरिकेच्या जवळिकीमुळे दोघांचे हित तेव्हा एक झाले होते म्हणून, असे मला वाटते. आज क्वाडमध्ये अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासोबत आपण बसतो, पण परस्परांच्या रक्षणाचा करार त्यात नाही. या अंतराची किंमतही आहे, कारण जून 2020 मध्ये गलवानमध्ये 20 जवान गेले तेव्हा सीमेवर आपण एकटेच होतो. तरीही वऱ्हाडाचा हिशेब ज्याने वाचला आहे, त्याला ही किंमत जड वाटत नाही.